स्लॅब भरताना सेंट्रिंग का कोसळतं, आणि ते कसं टाळायचं

दहा बाय बारा फुटांच्या एका खोलीवर पाच इंची स्लॅब भरला की साधारण साडेतीन टन काँक्रीट वर चढतं. भरल्या दिवशी त्या काँक्रीटला स्वतःची ताकद नसते. आत सळई असली तरी तिला धरून ठेवणारा माल अजून ओला असतो. त्यामुळे पुढचे बरेच दिवस ते साडेतीन टन खाली उभ्या केलेल्या प्रॉपवर (लोखंडी टेकूंवर), बल्ल्यांवर (लाकडी खांबांवर) आणि प्लेटांवर असतात. या सगळ्या तात्पुरत्या आधाराला सेंट्रिंग म्हणतात. स्लॅबच्या सळईचं ड्रॉइंग असतं, त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असते. सेंट्रिंगचं ड्रॉइंग मात्र बंगल्यांच्या आणि छोट्या इमारतींच्या साईटवर क्वचितच दिसतं. प्रॉप किती अंतरावर लावायचे हे सेंट्रिंगवाला अंदाजाने ठरवतो. खोली नेहमीच्या मापाची आणि उंची नेहमीची असेल तर अंदाज निभावून जातो. पोर्च दोन मजली उंच झाला, बीम खोल झाला किंवा खाली ताजा भराव आला की तोच अंदाज माणसांच्या जिवावर बेतू शकतो.

हा धोका फक्त छोट्या कामांपुरता नाही. २९ जुलै २०१६ ला पुण्यातल्या बालेवाडीत एका उंच इमारतीचा वरच्या मजल्यावरचा स्लॅब कोसळून ९ कामगार गेले. सेंट्रिंग कशामुळे पडतं याची कारणं मात्र मोजकीच आहेत आणि ती सगळी आधी दिसू शकतात. म्हणून ती एकेक करून पाहू.

आधी वजनाचा हिशोब

सळई धरून काँक्रीटचं वजन घनमीटरला २५०० किलो धरतात. म्हणजे १२५ मिमी जाडीच्या, आपल्या भाषेत पाच इंची स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला ३१२ किलो. प्लेट, बॅटन (प्लेटांखालची आडवी लाकडं), स्पॅन (दोन टेकणांमध्ये टाकायची, लांबी कमी-जास्त करता येणारी लोखंडी तुळई) यांचे साधारण ५० किलो. त्यावर माणसं, व्हायब्रेटर, घमेली, मालाची ये-जा यासाठी २५० किलो धरले तर बेरीज ६१२ किलो होते. प्रॉप दोन्ही दिशांना १ मीटरवर असेल तर प्रत्येकावर साधारण ६०० किलो येतात. अंतर १.२ मीटर केलं तर ८८० किलो. १.५ मीटर केलं तर जवळजवळ १४०० किलो. अंतर दीडपट झालं की भार सव्वादोनपट होतो, कारण अंतर दोन्ही दिशांनी वाढतं. ‘चार प्रॉप कमी पडले, जरा लांब लांब लावू’ या एका वाक्याची किंमत इतकी असते.

बीमखाली हिशोब आणखी बिघडतो. ९ इंच रुंद आणि २ फूट खोल बीमचं स्वतःचं वजन मीटरला सुमारे ३४५ किलो. बीमच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरच्या खोल्या आहेत आणि त्यांचे लोखंडी स्पॅन बीमच्या साईडवर टेकवले आहेत असं समजा. मग दोन्हीकडच्या अर्ध्या-अर्ध्या खोलीचा भारही याच रांगेवर येतो आणि एकूण आकडा मीटरला २ टनांच्या वर जातो. तिथे प्रॉप ६०० मिमीवर लावले तरी एकेकावर सुमारे १.३ टन. खोलीच्या मधल्या भागात प्रॉप दाटीने दिसतात आणि बीमखाली विरळ, असं चित्र दिसलं तर काम तिथेच थांबवून पाहावं. स्पॅन वापरले असतील तेव्हा त्यांची दोन्ही टोकं टेकणावर पूर्ण बसली आहेत का आणि बोल्ट आवळले आहेत का, हे एकेक करून बघावं लागतं. बीमची साईड थोडी जरी बाहेर फाकली तरी अर्धवट टेकलेला स्पॅन निसटतो.

प्रॉप चिरडत नाही, वाकतो

लांब, बारीक खांब दाबाखाली चिरडण्याच्या खूप आधी बाजूला वाकून मोडतो. शाळेतली प्लास्टिकची पट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा, ती लगेच बाजूला फुगते. मध्ये एका बोटाचा आधार दिला की तीच पट्टी कितीतरी जास्त दाब सहन करते. हिशोबात सांगायचं तर आधार नसलेली लांबी दुप्पट झाली की वाकण्याची ताकद एक चतुर्थांश उरते. म्हणून पूर्ण ओढून लांब केलेला प्रॉप आणि अर्धा ओढलेला प्रॉप दिसायला सारखे असले तरी भार उचलायला सारखे नसतात. प्रॉप भाड्याने आणताना पुरवठादाराकडून उंचीनुसार क्षमतेचा तक्ता मागून घ्यावा. तो नसेल तर निदान प्रॉप पूर्ण ओढून वापरायचे नाहीत एवढं पाळावं.

मधल्या उंचीवर दोन्ही दिशांना आडवे पाईप क्लिपने बांधले की प्रॉपची मोकळी लांबी निम्मी होते. एकाच दिशेला बांधले तर दुसऱ्या दिशेला प्रॉप तितकाच मोकळा राहतो. तारेने गुंडाळलेला बांबू हा आधार म्हणून धरू नये, कारण भार आला की तार सैल पडते. आणि आडवे पाईप कुठेतरी अडलेले हवेत, म्हणजे भरून कडक झालेल्या कॉलमला किंवा भिंतीला टेकलेले. नुसते प्रॉप एकमेकांना बांधले तर सगळे मिळून एकाच बाजूला कलू शकतात.

प्रॉपच्या खिळीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण इथे होणारी चूक डोळ्यासमोर असूनही दिसत नाही. आतला पाईप बाहेरच्या पाईपात जिथे अडतो तिथे एक पिन असते आणि सगळा भार त्या पिनेतून खाली जातो. ही पिन ठरावीक जाडीच्या, जास्त ताकदीच्या पोलादाची असते. ती हरवली की साईटवर हाताशी येतो तो सळईचा तुकडा, आणि बहुधा भोकापेक्षा बारीक. बारीक सळई भोकात तिरकी बसते, भार कडेवर येतो, सळई वाकते आणि वरचा पाईप सरकून खाली येतो. एक प्रॉप खाली बसला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो आणि तेही आधीच भरलेले असतात. स्लॅबच्या आदल्या दिवशी एक माणूस फक्त पिना बघत फिरवावा. सळई दिसली की तो प्रॉप बदलायचा. वाकलेला, चेपलेला, गंजून पातळ झालेला किंवा वेल्डिंग करून जोडलेला प्रॉप बाहेर काढायचा.

भार प्रॉपच्या मध्यातून गेला पाहिजे. वरच्या डोक्यावर बॅटन कडेला बसला असेल तर प्रॉपवर दाबाबरोबर वाकही येतो. प्रॉपचे क्षमतेचे तक्ते साधारण एवढीच चूक गृहीत धरतात की उंचीच्या दर मीटरला २५ मिमीपर्यंत ओळंबा सुटलेला आणि भार मध्यापासून २५ मिमीपर्यंत सरकलेला. त्यापुढे तक्त्यातला आकडा लागू होत नाही. यू-हेडमध्ये, म्हणजे प्रॉपच्या माथ्यावरच्या यू आकाराच्या खोबणीत, बॅटन मधोमध बसवून दोन्ही बाजूंनी पाचर मारली की हा प्रश्न सुटतो.

चार मीटरच्या वर उंची गेली, पोर्च किंवा देवळाचा सभामंडप असला, की प्रॉपवर प्रॉप किंवा बल्लीवर बल्ली चढवून काम भागवलं जातं. आमच्या मते हे कधीच करू नये. जोड हा बिजागरासारखा वागतो आणि ओळंब्यात ठेवता येत नाही. अशा उंचीला कपलॉकचे, म्हणजे उभे-आडवे पाईप कपासारख्या सांध्यांनी जोडून केलेले, मनोरेच लावावेत. त्यातही उभे-आडवे पाईप जोडले म्हणजे काम झालं असं नाही. कपलॉकचा सांधा चौकटीला तिरकं होण्यापासून पुरेसा रोखत नाही, म्हणून तिरपे पाईप दोन्ही दिशांना, तळापासून माथ्यापर्यंत लागतात. खालचा आणि वरचा जॅक (उंची जमवायचा आटेदार दांडा) ३०० मिमीपेक्षा जास्त बाहेर काढायचा नाही. त्याहून जास्त काढावा लागला तर त्या जॅकलाही वेगळा आडवा-तिरपा आधार द्यावा. उंच सेंट्रिंगसाठी इंजिनिअरकडून ड्रॉइंग काढून घेणं हा टाळता येण्यासारखा खर्च नाही. आयएस १४६८७ हे १९९९ चं भारतीय मानक खास याच तात्पुरत्या आधारासाठी आहे.

खालची जमीन

प्रॉपचा तळाचा पत्रा साधारण १५० मिमी चौरस असतो. त्यावर ८०० किलो आले की जमिनीवरचा दाब चौरस मीटरला ३५ टनांच्या वर जातो. प्लिंथमधला ताजा भराव, मुरूम टाकून वरवर पाणी मारलेली जमीन किंवा काळी माती एवढा दाब सोसत नाही. तोच प्रॉप ९ इंच रुंद आणि ५० मिमी जाड फळीवर ठेवला, आणि दर मीटर फळीवर एकच प्रॉप असला, तर दाब साडेतीन टनांवर येतो. म्हणजे दहापट कमी. फळी एवढी लांब असावी की निदान दोन-तीन प्रॉप तिच्यावर येतील आणि तिचा सगळा तळ जमिनीला टेकलेला असेल. खाली विटा, फुटके ठोकळे, फरशीचे तुकडे रचून उंची जमवायची नाही. वीट फुटते आणि फुटताना सूचना देत नाही.

खरा घात पाण्याने होतो. एप्रिल-मे महिन्यांत बांधलेलं सेंट्रिंग कोरड्या जमिनीवर घट्ट वाटतं, आणि स्लॅबच्या आदल्या रात्री वळवाचा पाऊस येतो. काळी माती ओली झाली की फुगते आणि मऊ पडते, भराव खाली बसतो. पाऊस पडून गेला असेल तर सकाळी प्रत्येक प्रॉप पुन्हा तपासावा, सैल झालेले आवळावेत आणि फळीखाली माती वाहून गेली का ते पाहावं. शक्य असेल तिथे आधी जमिनीवर पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट) करून मगच प्रॉप उभे करावेत. स्लॅबला नंतर पाणी मारतानाही ते खाली प्रॉपच्या पायाशी साचणार नाही अशी वाट काढून ठेवावी, कारण स्लॅब त्या वेळीही प्रॉपवरच असतो.

आडवा धक्का

तीन मीटरचा प्रॉप माथ्याला ७५ मिमी कलला असेल तर उभ्या भाराच्या अडीच टक्के आडवा जोर तयार होतो. शंभर प्रॉप, प्रत्येकावर ६०० किलो, आणि सगळे एकाच दिशेला कललेले असतील तर हा जोर दीड टन होतो. त्यात वारा, पंपाच्या पाईपचा झटका, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळणारी माणसं यांची भर पडते. पंपाचा पाईप प्लेटांना किंवा सळईला कधीही बांधू नये. पंपाच्या प्रत्येक झटक्याबरोबर तो सगळं सेंट्रिंग हलवतो. पाईपाखाली जुने टायर ठेवून तो मोकळा ठेवावा.

या आडव्या जोरासाठी सगळ्यात चांगला आधार म्हणजे आधी भरलेले कॉलम. कॉलम बीमच्या तळापर्यंत आधी भरून घ्यावेत, दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मग सेंट्रिंगचे आडवे पाईप त्यांना अडकवावेत. वेळ वाचवायला कॉलम, बीम आणि स्लॅब एकाच दमात भरले की इमारतीत धरून राहण्यासारखी एकही घट्ट वस्तू उरत नाही.

कॉलमचा बॉक्स का फाटतो

ओलं काँक्रीट बाजूलाही, म्हणजे कॉलमच्या साच्याला (बॉक्सला), ढकलतं. तीन मीटर उंचीचा कॉलम एका झटक्यात भरला तर तळाशी चौरस मीटरला ७.५ टनांचा दाब येतो. २३० बाय ६०० मिमीच्या कॉलमच्या रुंद बाजूवर फक्त खालच्या एका मीटरमध्ये पावणेचार टन जोर असतो. म्हणून शिकंजे (बॉक्सला बाहेरून आवळून धरणारे पट्टे) खाली जवळजवळ आणि वर गेल्यावर थोडे लांब लावतात. सगळे सारख्या अंतरावर लावले तर खालचा पहिला शिकंजा आधी सुटतो.

दाब कमी ठेवायचा तर भरायचा वेग कमी ठेवावा लागतो, म्हणजे खालचा थर थोडा घट्ट होऊ लागेल. हवा थंड असेल, मालात उशिरा घट्ट होण्याचं रसायन असेल किंवा माल फार पातळ असेल तर थर लवकर घट्ट होत नाही आणि दाब पूर्ण राहतो. व्हायब्रेटरची नीडल आधीच्या थरात १०० ते १५० मिमी गेली की पुरे. ती तळापर्यंत खाली घातली तर घट्ट होऊ लागलेला माल पुन्हा पातळ होतो आणि बॉक्सवर पूर्ण दाब येतो. बॉक्स फुगू लागला की त्याच्यासमोर उभं राहून दाबून धरायला कोणी जाऊ नये. भरणं थांबवावं आणि माणसं बाजूला घ्यावीत.

भरायचा दिवस

नारळ फोडण्याच्या आधी एका माणसाने पूर्ण सेंट्रिंग खालून फिरून पाहिलेलं असावं, आणि ते पाहिल्याची सही कागदावर असावी. हा माणूस ठेकेदाराचा मुकादम नसावा, कारण त्याच्यावर त्याच दिवशी भरायचा दबाव असतो. साईट इंजिनिअर किंवा ड्रॉइंग करणाऱ्याचा माणूस असावा, आणि ‘आज भरायचं नाही’ म्हणायचा अधिकार त्याला आधीच दिलेला असावा. गाडी येऊन उभी राहिली, आरएमसीचा (कारखान्यातून तयार येणाऱ्या काँक्रीटचा) माल उतरवायची वेळ निघून चालली, मजूर जमले, पाहुणे आले, अशा वेळी नाही म्हणणं फार अवघड असतं. म्हणून तपासणी आदल्या संध्याकाळी करावी आणि सकाळी फक्त बदललेलं पाहावं.

वर माल ढिगाने टाकायचा नाही. दोन फूट उंच ढीग म्हणजे त्या जागी चौरस मीटरला दीड टन, म्हणजे पाच इंची स्लॅबच्या जवळजवळ पाचपट वजन. बूम पंपाने माल वेगाने पडतो, तेव्हा नळी हलवत राहणारा आणि पसरवणारी माणसं कमी पडू द्यायची नाहीत. घमेल्यांची रांग असेल तर वीस-पंचवीस माणसं एकाच खोलीच्या मध्यावर गोळा होतात, ती पसरवावीत. घरमालकाची मंडळी फोटो काढायला वर जातात. त्यांना तिथे जागा नाही.

खाली काय होतंय ते कळण्यासाठी एक साधी सोय करता येते. मोठ्या खोल्यांच्या मध्यावर, बीमच्या मध्यावर प्लेटेला एक बारीक काठी उभी अडकवायची, तिचं खालचं टोक जमिनीपासून थोडं वर ठेवायचं आणि शेजारी जमिनीत रोवलेल्या खुंटीवर त्या टोकाची खूण करायची. काठी खुणेपासून सरकली की प्लेट खाली येते आहे हे खोलीबाहेरूनही दिसतं. राखणीला असलेल्या माणसाने कडेला, कॉलमजवळ उभं राहावं आणि जिथे वर माल पडतोय त्या खोलीखाली जाऊ नये. स्लॅबखाली फिरत प्रॉप आवळत राहायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, आणि सेंट्रिंग पडतं तेव्हा सगळ्यात आधी सापडतो तो हाच माणूस. प्रॉप सैल दिसला, प्लेटांमधून पाणी एकदम जास्त गळू लागलं, लाकूड करकरलं, काठी सरकली, तर शिट्टी. शिट्टी वाजली की वरचं भरणं बंद, माणसं स्लॅबवरून खाली. त्यानंतर इंजिनिअर ठरवेल आत जायचं का. भार हलता असताना आत जाऊन प्रॉप आवळायला कोणालाही पाठवू नये.

सकाळी आलेल्या सगळ्यांची नावं एका कागदावर लिहून खाली ठेवावीत. काही घडलं तर कोण सापडलं नाही हे दोन मिनिटांत कळलं पाहिजे, कारण काँक्रीट काही तासांत आवळायला लागतं. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१.

वरून पडणं, शॉक, जळणं

सेंट्रिंग न पडताही माणसं मरतात. बहुतेक वेळा कडेवरून किंवा डक्टच्या भोकातून पडून. कडेने एक मीटरच्या वर उंचीचा पाईपचा कठडा आणि मध्ये एक आडवा पाईप हवा. भोकावर प्लाय नुसता टाकायचा नाही, खिळ्यांनी ठोकून वर रंगाने खूण करायची. नुसता टाकलेला प्लाय कोणीतरी उचलतो आणि उचलणाऱ्याच्याच पायाखाली भोक येतं. प्लेट टाकताना कडेची प्लेट टेकणाच्या बाहेर लोंबती आणि न ठोकलेली राहिली तर तिच्या टोकावर पाय पडताच ती उलटते. हार्नेस पूर्ण अंगाचा असावा आणि त्याची दोरी प्रॉपला किंवा यू-हेडला बांधू नये. भरून कडक झालेल्या कॉलमभोवती आडवी दोरी ताणून तिला अडकवावी.

लोखंडी प्लेट, सळई आणि पाणी एकत्र असताना वायरचा उघडा सांधा म्हणजे सगळ्या स्लॅबवर करंट. व्हायब्रेटर आणि हॅलोजनच्या वायरी सळईवरून ओढू नयेत, उंचावरून न्याव्यात, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं. गमबुटात माल शिरला आणि तासभर तसाच राहिला तर कातडी भाजल्यासारखी जळते, म्हणून पाण्याची बादली वर हाताशी ठेवावी आणि माल आत गेला की बूट काढून लगेच धुवावेत.

सेंट्रिंग कधी आणि कसं खोलायचं

आयएस ४५६ या मानकात, २००० च्या आवृत्तीत, साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटसाठी आणि १५ अंशांपेक्षा थंड नसलेल्या हवेसाठी किमान वेळा दिल्या आहेत. कॉलम आणि बीमच्या उभ्या साईड १६ ते २४ तासांनी. स्लॅबचे प्रॉप साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन टेकणांमधल्या अंतराला) ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. बीमचे प्रॉप ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. घरांसाठी बाजारात मिळणारी बरीच पोती पीपीसीची (पोर्टलँड पोझोलाना सिमेंटची) असतात आणि पीपीसी सुरुवातीला हळू ताकद धरतं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नियमांत अशा सिमेंटसाठी वरच्या वेळा दहा सप्तमांशपट धरायला सांगितल्या आहेत, म्हणजे ७ चे १०, १४ चे २० आणि २१ चे ३० दिवस. पोत्यावर काय लिहिलं आहे ते भरायच्या दिवशीच नोंदवून ठेवावं.

आयएस ४५६ मध्येच स्लॅबची प्लेट ३ दिवसांनी काढता येईल असंही आहे, पण प्रॉप ताबडतोब परत लावण्याच्या अटीवर. साईटवर या ओळीचा सगळ्यात जास्त गैरवापर होतो. तीन दिवसांनी पूर्ण खोली मोकळी केली जाते आणि संध्याकाळी चार प्रॉप परत उभे केले जातात. मधल्या काही तासांत तीन दिवसांचा स्लॅब एकटाच सगळा भार घेऊन उभा असतो, आणि पडलेली भेग नंतरच्या प्रॉपने मिटत नाही. एका वेळी एकच पट्टा मोकळा करून तिथे लगेच प्रॉप लावावा, किंवा सुरुवातीलाच न हलवता ठेवायच्या प्रॉपची रांग वेगळी बांधावी.

मजल्यावर मजला चढत असेल तर खालचे प्रॉप जास्तच महत्त्वाचे. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराच्या भारासाठी बनवतात, फरशीचं वजन वेगळं. वरचा नवा स्लॅब भरताना त्याच्या प्रॉपमधून खाली ६०० किलोंच्या वर येतात. एक स्लॅब, त्यातही कोवळा, हे एकटा घेऊ शकत नाही, म्हणून निदान त्याच्या खालच्या मजल्यावरचे प्रॉपही उभे हवेत आणि शक्यतो वरच्यांच्या बरोबर खाली, एका ओळंब्यात. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या बेलीज क्रॉसरोड्स इथे २ मार्च १९७३ ला तेविसाव्या मजल्याखालचे टेकू लवकर काढले गेले आणि कोसळणारे स्लॅब एकावर एक पडत तळापर्यंत गेले. त्यात १४ कामगार मेले. २७ एप्रिल १९७८ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंडला शीतकरण मनोऱ्याचं मचाण आदल्या दिवशी भरलेल्या काँक्रीटवर अडकवलेलं होतं. ते काँक्रीट पुरेसं कडक झालं नव्हतं, आणि ५१ जण गेले. दोन्ही ठिकाणी माल खराब नव्हता, त्याला वेळ मिळाला नव्हता.

खोलण्याचा क्रमही ठरलेला आहे. दोन्ही बाजूंनी टेकलेल्या स्लॅबचे किंवा बीमचे प्रॉप मध्यापासून टेकणांकडे ढिले करत जायचे. छज्जा, बाल्कनी अशा एका बाजूने धरलेल्या भागाचे मात्र मोकळ्या टोकाकडून आत, भिंतीकडे. उलट केलं, म्हणजे बाल्कनीच्या टोकाचा प्रॉप तसाच ठेवून आतले काढले, तर स्लॅब दोन टोकांवर टेकल्यासारखा वाकतो. अशा वाकण्यासाठी खाली सळईच नसते, कारण बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते.

या वरच्या सळईवर जास्त लक्ष द्यायला हवं, कारण छज्जा आणि बाल्कनी सेंट्रिंग खोलतानाच पडतात आणि त्या वेळी माणूस नेमका खाली असतो. भरताना सळईवर पाय देऊन चाललं की ती खाली दबते. पाच इंची स्लॅबमध्ये वरची सळई दोन इंच खाली गेली तर तिचा उपयोग निम्म्याहून कमी होतो. खाली खुर्च्या (वाकवलेल्या सळईचे टेकू) लावून सळई वर धरावी, चालायला फळ्या टाकाव्यात आणि माल पडत असताना ती जागेवर आहे का हे पाहणारा एक माणूस ठेवावा. छज्जाच्या मागे वरची भिंत बांधून झालेली नसेल तर त्याला मागे धरून ठेवणारं वजन नसतं, म्हणून ती भिंत होईपर्यंत छज्जाचे प्रॉप हलवू नयेत. बाल्कनीचे प्रॉप आम्ही २८ दिवस ठेवायला सांगतो.

प्रॉप हातोड्याने एका झटक्यात पाडायचा नाही. कॉलर (प्रॉपवरचं आटेदार कडं) थोडी थोडी फिरवून भार हळूहळू स्लॅबवर जाऊ द्यायचा. प्लेट खाली सोडायची, टाकायची नाही, आणि खोलीत खोलणाऱ्यांशिवाय कोणी नसावं. काढलेल्या प्लेटा आणि बॅटनची थप्पी कोवळ्या स्लॅबच्या मधोमध लावू नये, भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर थोडी थोडी लावावी. लाकडातले खिळे तिथल्या तिथे उपटावेत. वाकलेला प्रॉप वेगळा काढून कटरने दोन तुकडे करूनच भंगारात द्यावा, म्हणजे तो सरळ करून पुढच्या साईटच्या गाडीत चढणार नाही.